नवागताची पहिली नोंद : समाजमाध्यमांवरील मराठी लेखनारंभाची चिकित्सा (लातूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

नव्याने लिहू लागणाऱ्याला काय सांगावे, हा प्रश्न मराठीला नवा नाही. समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'तील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास 'लेखनक्रियानिरूपण' हा मुळी लेखन शिकणाऱ्यासाठीच आहे. अक्षर वाटोळे व सुटे असावे, ओळी सरळ याव्यात, पानाच्या चहूबाजूंना जागा सोडावी, ग्रंथाच्या आरंभी जसे अक्षर तसेच शेवटी असावे, अशा अगदी व्यावहारिक सूचना तेथे येतात. आजच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या या संतकवीने केलेल्या सूचनांमागे दोन गृहीते आहेत. आधी हात तयार व्हावा व मग ग्रंथ हाती घ्यावा, हे पहिले. आणि जे लिहिले जाईल ते दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांसाठी आहे, हे दुसरे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मराठी समाजातील फार मोठा वर्ग नव्याने लिहू लागला. शाळा सुटल्यानंतर ज्यांच्या हातून सोसायटीच्या अर्जावरील सही, आहेराची यादी आणि फार तर लग्नपत्रिकेचा मजकूर याखेरीज काही लिहिले जात नव्हते, अशी माणसे रोज काही ना काही लिहू लागली. २००४ मध्ये ऑर्कुट सुरू झाले, २००६ मध्ये फेसबुक सर्वांसाठी खुले झाले, २००९ मध्ये व्हॉट्सॲप आले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेटचा दर इतका उतरला की औसा, निलंगा, देवणी, जळकोट यांसारख्या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरही मोबाईल हेच लेखनाचे साधन झाले. साक्षरतेच्या प्रसारानंतर मराठी लेखनव्यवहारात घडलेली ही सर्वांत मोठी घटना होय. मराठी समीक्षेने मात्र तिच्याकडे 'साहित्य नव्हे' म्हणून पाठ फिरविली आणि भाषाशुद्धीच्या अभिमान्यांनी तिच्याकडे केवळ चुका मोजण्यासाठी पाहिले. या माध्यमावर पाऊल ठेवणाऱ्या नवागताच्या पहिल्यावहिल्या लेखनाचे स्वरूप काय, त्याला मिळणारे मार्गदर्शन कोणत्या ठिकाणी अपुरे पडते आणि त्या अपुरेपणाची किंमत कोणाला मोजावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

'खाते' आणि 'मायना' :

समाजमाध्यमांची ओळख करून देणाऱ्या मराठी पुस्तिका आणि वृत्तपत्रीय लेखमाला पाहिल्या असता त्यांचा साचा एकच असल्याचे आढळते. मोबाईल क्रमांक द्यावा, संकेतशब्द ठरवावा, छायाचित्र लावावे, ओळखीची माणसे शोधावीत, नंतर नोंद करावी. संकेतशब्द कोणास सांगू नये, अनोळखी दुव्यास स्पर्श करू नये, पैशाची मागणी आल्यास आधी दूरध्वनी करून खात्री करावी, हे इशारे त्यात असतात व ते योग्यच आहेत. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. या साच्याचा मध्यवर्ती शब्द आहे 'खाते'. खाते पेढीत असते, बँकेत असते, किराणा दुकानदाराच्या वहीत असते. खात्याला मालक असतो, क्रमांक असतो, जमा-नावे असते. लेखनाच्या आरंभाला हा शब्द चिकटल्यामुळे खाते उघडले की सारे काम संपले, असा समज रूढ झाला.

मराठी लेखनपरंपरेत आरंभाचा शब्द वेगळा होता. तो म्हणजे 'मायना'. शाळेत पत्रलेखन शिकविताना गुरुजी पहिल्यांदा मायना घोटून घेत. वडिलांना तीर्थरूप, धाकट्या भावाला चिरंजीव, स्नेह्याला सप्रेम नमस्कार, अधिकाऱ्याला महोदय. शेवटी 'कळावे' आणि नात्याप्रमाणे आशीर्वाद किंवा नमस्कार. या औपचारिकतेची पुढे पुष्कळ थट्टा झाली आणि ती काही अंशी रास्तही होती. परंतु मायना लिहिणाऱ्या मुलाला एक गोष्ट आपोआप कळत असे. मजकुराचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वी वाचणारा ठरवावा लागतो, आणि तो ठरला की काय लिहावे व काय लिहू नये याचा निम्मा निर्णय झालेला असतो.

समाजमाध्यमावरील नोंदीला मायना नाही. फेसबुकच्या आरंभीच्या वर्षांत स्थितिदर्शक नोंदीत वापरकर्त्याच्या नावापुढे इंग्रजीतील 'इज' हे क्रियापद आधीच छापलेले असे. डिसेंबर २००७ मध्ये ती सक्ती गेली. क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवणाऱ्या मराठीला ती चौकट बसणारच नव्हती. त्यानंतर मनात काय चालले आहे, असे विचारणारी रिकामी चौकट आली. हा प्रश्न वरवर पाहता आपुलकीचा आहे. परंतु मराठीत असे विचारणारा कोण आहे यावर उत्तर अवलंबून असते. आईने विचारले तर एक उत्तर, मुकादमाने विचारले तर दुसरे. येथे विचारणारे यंत्र आहे आणि ऐकणारे मात्र सारेच आहेत.

लातूरच्या वाचकाला ही स्थिती गंजगोलाईच्या उदाहरणाने चांगली उमगेल. त्या गोल बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात. मध्यभागी उभे राहून कोणी हळू आवाजात काही बोलले आणि ते सोळाही रस्त्यांवर स्पष्ट ऐकू गेले, तर जे होईल तेच नवागताच्या पहिल्या नोंदीचे होते. त्याच्या 'मित्रां'च्या यादीत बहिणीचे यजमान असतात, ग्रामपंचायत सदस्य असतो, बी-बियाण्याचा दुकानदार, वसतिगृहातील सोबती, महाविद्यालयाचे प्राचार्य आणि भावकीतील ज्यांच्याशी बांधावरून बोलणे बंद आहे असेही असतात. मराठीत या प्रत्येकाशी बोलण्याची रीत निराळी आहे. तू, तुम्ही, आपण यांची निवड क्षणोक्षणी करावी लागते. माध्यमाने या सर्वांना 'मित्र' या एकाच नावाखाली आणले. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकातच माणूस निरनिराळ्या मंचांवर निरनिराळा वावरतो, हे मांडले होते. ॲलिस मार्विक आणि डॅना बॉइड यांनी २०११ मधील अभ्यासात हे मंच समाजमाध्यमावर एकमेकांवर कोसळतात, असे दाखवून दिले. मराठीच्या संदर्भात या कोसळण्याला व्याकरणाचीही बाजू आहे, इतकीच भर घालावयाची. अनुभवी वापरकर्ताही कोणाला 'दादा' म्हणावे, कोणाला 'सर' म्हणावे या पेचातून सुटण्यासाठी बहुधा काहीच न म्हणता केवळ अंगठा दाखवून मोकळा होतो.

या अंगठ्याचे मोल काय असू शकते, हे महाराष्ट्राने नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे पाहिले. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार ओळींचे मत नोंदविले आणि दुसरीने ते केवळ पसंत केले. दोघींनाही अटक झाली. देशभर चर्चा झाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविले. कायद्याच्या दृष्टीने हा स्वातंत्र्याचा विजय होय व तो मोठा आहे. लेखनाच्या दृष्टीने मात्र या घटनेतून निघणारा प्रश्न कायद्याने सुटलेला नाही. एका मैत्रिणीने दुसऱ्या मैत्रिणीला दिलेली मान डोलावून संमती, ही जाहीर निवेदन कधी होते? 'आवडले' या क्रियापदाला कर्ता आहे, पण मजकूर आवडला की मजकूर लिहिणारी आवडली की लिहिण्याचे धाडस आवडले, हे त्यात सांगता येत नाही. फेब्रुवारी २०१६ पर्यंत तर फेसबुकवर या एका चिन्हाखेरीज दुसरे चिन्हच नव्हते. वडील वारल्याच्या नोंदीखाली शे-दोनशे लोकांनी 'आवडले' म्हणून जावे, हा प्रकार त्या वर्षांत घरोघरी घडला आणि कोणाला त्यात वावगे वाटेनासे झाले. भाषा बोथट होते ती अशा रीतीने.

नावाचा रकाना :

लेखनापूर्वी नाव द्यावे लागते. रकाने दोन : नाव आणि आडनाव. मराठी माणसाचे नाव तीन पदरी असते. मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे. ते गाळल्यावर एकाच गावात एकाच नावाचे पाच-सहा जण होतात, आणि त्यांना वेगळे ओळखण्यासाठी गावाचे नाव, पद, व्यवसाय वा टोपणनाव नावातच घुसविले जाते. पुरुष नवागत ही अडचण आनंदाने सोडवितो; पाटील, सरकार, भैया अशी बिरुदे त्याला सहज सुचतात. स्त्रियांच्या बाबतीत हाच रकाना वेगळा प्रश्न उभा करतो. माहेरचे आडनाव दिले तर सासरी प्रश्न, सासरचे दिले तर शाळेतील मैत्रिणींना सापडणे अशक्य. दोन्ही दिल्यास ते लांबते. चेहऱ्याच्या जागी गुलाब, बालकृष्ण किंवा स्वतःच्या मुलाचे छायाचित्र लावणाऱ्या कितीतरी स्त्रिया या परिसरात आढळतात. यास मागासलेपणा म्हणणे सोपे आहे. वस्तुतः गंजगोलाईत उभे राहून बोलताना डोक्यावर पदर घेण्याची ती रीत आहे, आणि ज्या माध्यमात अनोळखी माणूस छायाचित्र उतरवून घेऊ शकतो तेथे ती पुष्कळ विचारपूर्वक घेतलेली आहे.

पहिल्या नोंदीचे प्रकार :

नवागत पहिल्यांदा काय लिहितो? तो सहसा स्वतःचे काही लिहीत नाही. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये शिकण्याची जी मीमांसा केली, तिच्यानुसार नवा माणूस कडेला उभा राहून, इतरांचे पाहून, किरकोळ कामे करीत समुदायात शिरतो. कीर्तनात मागे उभा राहणारा नवा टाळकरी जसा आधी टाळ धरायला शिकतो, तसेच हे आहे. फरक एवढाच की टाळकऱ्याला पुढचा चोपदार दिसतो. येथे कोणाचे पाहून शिकावे हे यंत्र ठरविते.

या कडेच्या काळातील लेखन प्रामुख्याने प्रसंगाचे असते. वाढदिवस, निवड, बढती, निधन. त्याची भाषा कोठून आली याचा शोध घेतला असता ती साहित्यातून वा वर्तमानपत्रातून आलेली नसून चौकातील डिजिटल फलकांवरून आलेली आहे, असे स्पष्ट दिसते. 'हार्दिक शुभेच्छा', 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'दिलदार व्यक्तिमत्त्व' ही पदे, मध्यभागी मोठे छायाचित्र, खाली शुभेच्छुकांची रांग. फलकाला पैसे लागत आणि नगरपालिकेची परवानगी लागे. येथे दोन्ही लागत नाही. त्यामुळे ज्याचे नाव कधी फलकावर आले नसते अशा माणसाच्या वाढदिवसालाही शुभेच्छा मिळू लागल्या. सालगड्याच्या मुलाचा वाढदिवस जाहीरपणे साजरा होणे ही सामाजिकदृष्ट्या क्षुल्लक गोष्ट नव्हे, आणि भाषेच्या दारिद्र्याकडे बोट दाखविणाऱ्या समीक्षकाने ती दृष्टीआड करू नये. तथापि दारिद्र्य आहे हेही खरे. सख्ख्या आजीच्या मृत्यूवर आणि आमदारांच्या दूरच्या आप्ताच्या मृत्यूवर एकच दोन शब्द लिहिले जातात, तेव्हा लिहिणाऱ्याला दुःख झाले नाही असे नसून ते सांगण्याची भाषा त्याला कोणी दिली नाही, असे म्हणावे लागते.

लिपी आणि बोली :

या विषयाचा सर्वांत समृद्ध आणि सर्वांत दुर्लक्षित भाग येथे आहे. आरंभीची अनेक वर्षे नवागत मराठीतून लिहीत होता, पण रोमन लिपीत. त्या काळी कार्यालयांत आणि छपाईच्या दुकानांत श्रीलिपीसारख्या संचांतील जुन्या पद्धतीचे टंक रूढ होते. त्यांत जुळविलेला मजकूर दुसऱ्या ठिकाणी नेला की त्याची अगम्य चिन्हे होत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून असली तरी सामान्य माणसाच्या फोनमध्ये ती यायला पुष्कळ काळ जावा लागला. मराठीच्या काही गरजा तर उशिरानेच ध्यानात आल्या. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तोवर 'अ'वर चंद्र चढवूनच काम भागवावे लागे, आणि पुष्कळ ठिकाणी अद्यापही तसेच भागविले जाते. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र नीट न उमटल्याने रफार चढून 'दुसर्या' होई. आचाऱ्यांचा सत्कार करावयाचा की आचार्यांचा, हा प्रश्न महाविद्यालयाच्या निमंत्रणपत्रिकेत खरोखरीच गंभीर ठरतो.

रोमन लिपीत मराठी लिहिताना काळ आणि काल, वेळ आणि वेल, माळ आणि माल यांतील भेद नाहीसा होतो. न आणि ण एक होतात. त आणि ट यांत फरक उरत नाही. शुद्धतेच्या दृष्टीने ही हानी आहे. परंतु लातूर परिसरातील नवागताला याच हानीने एक अनपेक्षित सवलत दिली, हे लक्षात घेतले पाहिजे. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला शाळेत फळ्यापुढे उभे राहून जे ऐकावे लागे, ते रोमन लिपीत ऐकावे लागत नव्हते. तेथे सर्वांचेच पाणी 'पानी' होते. या आडोशामागे बोली पहिल्यांदा लिहिली जाऊ लागली. 'काय करलालास', 'पाऊस येलालाय', 'लै दिस झाले' अशी वाक्ये, जी या भागातील माणूस पिढ्यानपिढ्या बोलत आला पण ज्यांना वहीत कधी जागा मिळाली नाही, ती मित्रांच्या संवादात बिनदिक्कत उमटू लागली. ग्रामीण साहित्याने बोलीला ग्रंथात आणले ते लेखकाच्या हातून, बहुधा पात्रांच्या तोंडी. येथे पात्रेच लिहू लागली.

पुढे फोनमध्ये देवनागरी आली, शब्द सुचविणारे कळफलक आले, बोललेले लिहून घेणारी सोयही आली. लिपीच्या दृष्टीने मराठीचा हा मोठाच लाभ. पण सुचविणारे यंत्र प्रमाणभाषेवर पोसलेले असते. 'करलालास' लिहू पाहणाऱ्यापुढे ते 'करतोस' ठेवते, किंवा शब्दाखाली तांबडी रेघ ओढते. फळ्यापुढचे गुरुजी खिशात येऊन बसले. त्यातच काना-मात्रेच्या चुका असलेल्या नोंदीखाली चार सुशिक्षितांनी जमून हशा पिकविणे, हा एक नवा करमणुकीचा प्रकार रूढ झाला. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखनविषयक नियम मुद्रित व औपचारिक लेखनाच्या शिस्तीसाठी आहेत आणि तेथे ते हवेतच. परंतु जो माणूस आयुष्यात पहिल्यांदा चार वाक्ये सलग लिहीत आहे, त्याच्या ऱ्हस्वदीर्घावर तुटून पडणारा प्राध्यापक भाषेची सेवा करीत नाही. तो एका लिहित्या माणसाला गप्प करीत असतो. लेखनात चूक आणि बेपर्वाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'पानी' ही फार तर चूक आहे. दुसऱ्याच्या नावावर खोटा मजकूर पाठविणे ही बेपर्वाई आहे, आणि तिच्याखाली तांबडी रेघ येत नाही.

लेखनाची अटच ज्यांनी बाजूला सारली अशा नवागतांचीही येथे नोंद घ्यावयास हवी. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे या वयोवृद्ध गृहिणी २०२० मध्ये नातवाच्या साह्याने 'आपली आजी' या नावाने यूट्यूबवर पाककृती सांगू लागल्या आणि लाखो लोकांपर्यंत पोहोचल्या. त्यांच्या बोलण्यात मायना आहे. समोर स्वयंपाक शिकणारी लेकसून बसली आहे असे धरूनच त्या बोलतात, म्हणून अनोळखी प्रेक्षकालाही ते बोलणे आपल्यासाठी आहे असे वाटते. माध्यमाचे तंत्र त्यांना नातवाने शिकविले. वाचकाचे, म्हणजे ऐकणाऱ्याचे भान त्यांच्याकडे आधीपासून होते.

'जसा आला तसा' :

स्वतःचे लिहिण्याचे धाडस नसलेल्या नवागताला माध्यमाने दिलेली सोय म्हणजे पुढे पाठविणे. त्यासोबत मराठीत एक खास पद रूढ झाले आहे : 'जसा आला तसा'. या तीन शब्दांत कर्तृत्व आणि जबाबदारी या दोहोंचाही त्याग आहे. मी लिहिले नाही, मी पाहिले नाही, माझ्याकडून फक्त गेले. कोणाच्याही सुविचाराखाली व. पु. काळे, पु. ल. देशपांडे किंवा नाना पाटेकर यांचे नाव लावणे आणि खऱ्या कवीचे नाव मात्र गाळणे, हा याच वृत्तीचा साहित्यिक आविष्कार. मराठी परंपरेला हा रोग अपरिचित नाही. मौखिक प्रसारात नाव हरवू नये म्हणून संतकवींनी अभंगाच्या अंगातच नाममुद्रा गोवली. तरीही तुकोबांना सालोमालोचा उपद्रव झालाच. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले, त्यामागेही पाठ बिघडू नये ही काळजी होती. त्यांच्या लेखकुंना आपण नक्कल करीत आहोत आणि नक्कल करणाराही पाठाला जबाबदार असतो, याची जाणीव होती. आजच्या पुढे पाठविणाऱ्याला ती नाही.

ही केवळ साहित्यिक तक्रार राहिली असती तर फारसे बिघडले नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते मंगळवेढा परिसरातील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून उदरनिर्वाह करणारे लोक होते. त्या आठवड्यांत महाराष्ट्रभर व्हॉट्सॲपवरून असले संदेश फिरत होते. त्यांतील बहुतेकांनी ते संदेश लिहिलेले नव्हते. जसे आले तसे पाठविले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या संदेशांवर तशी खूण दाखविण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणीच संदेश पाठविता येईल अशी मर्यादा घातली. यंत्राला मर्यादा घालता आली. 'हा मजकूर मी कोणाला पाठवीत आहे आणि तो वाचून तो काय करील', हा प्रश्न यंत्र विचारू शकत नाही. तो मायन्याचाच प्रश्न आहे. पाठविणाऱ्यांत शिक्षक होते, लिपिक होते, पदवीधर होते. तंत्राचे अज्ञान त्यांच्यापैकी कोणालाही नव्हते. म्हणूनच खाते कसे उघडावे एवढेच सांगणाऱ्या पुस्तिकांवरचा हा आक्षेप शैलीपुरता नाही.

लातूर, १९९३ आणि २०१६ :

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा तेथील माणसाची कहाणी जगाला सांगितली ती बातमीदारांनी, छायाचित्रकारांनी आणि बाहेरून आलेल्या लेखकांनी. भूकंपग्रस्त माणूस त्या सर्व लेखनात विषय होता, लेखक नव्हता. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन दहा वाघिणींची पहिली गाडी लातूरला पोहोचली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या पंचवीस लाख लिटर पाणी आणू लागल्या. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांच्या परिसरात जमावबंदी लागू करण्यात आली होती. या वेळी लातूरकराच्या हातात फोन होता, खाते होते, लिपीही होती. प्रश्न असा की त्याने स्वतःचे काय लिहिले?

त्या दिवसांत सर्वाधिक फिरले ते रेल्वेच्या वाघिणींचे छायाचित्र आणि श्रेय कोणाचे याविषयीची फलकबाजी. पाण्यासाठी रात्री जागणारी बाई, घागरींच्या रांगेत लागणारा नंबर, शिकवणीसाठी आलेल्या मुलांनी खोल्या सोडून गावी जाणे, भाडेकरूला घरमालकाने घातलेली बादल्यांची मर्यादा, हे रोजचे वास्तव त्या तुलनेत फारच थोड्यांनी लिहिले. साधने मिळाली म्हणून विषय आपोआप लेखक होत नाही, हे यावरून दिसते. आपल्या घरातील घागर ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. वाघिणीचे छायाचित्र दुसऱ्याने काढलेले होते आणि ते पाठविणे सोपे होते.

अपवाद होते, आणि ते बोलीतले होते. खासगी संवादात, जवळच्या माणसाला, 'पानी येलालाय का बगा' असे विचारणारा माणूस नेमके लिहीत होता, कारण त्याला वाचणारा माहीत होता.

'साभार परत' :

छापील माध्यमाच्या काळात नवलेखकाच्या वाटेत संपादक उभा असे. 'सत्यकथे'कडून आलेले साभार परत हे मराठी लेखकांच्या दोन पिढ्यांचे सामायिक दुःख होते. हा दरवाजा सर्वांसाठी सारखा उघडा नव्हता. १९६९ मध्ये अनियतकालिकांच्या लेखकांनी 'सत्यकथे'ची होळी केली ती उगाच नव्हे. मराठवाड्यात गंगाधर पानतावणे यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या 'अस्मिता'ने, म्हणजे पुढील 'अस्मितादर्श'ने, ज्यांना कोठेच दार नव्हते अशा दलित नवलेखकांना दार दिले. या पार्श्वभूमीवर समाजमाध्यमाने दारच काढून टाकले, याचे स्वागत होणे स्वाभाविक होते. परंतु साभार परत आलेल्या हस्तलिखितासोबत पुष्कळदा एक चिठ्ठी असे. श्री. पु. भागवत किंवा राम पटवर्धन यांच्यासारखा संपादक कथेचा शेवट का फसला हे लिहून कळवी. पानतावणे तर नवख्या मुलाकडून पुनःपुन्हा लिहून घेत. म्हणजे नकार देणारा पहिला वाचकही होता. समाजमाध्यम नकार देत नाही, पण वाचतही नाही. नोंद कोणाच्या नजरेस पडावी हे ते ठरविते आणि का ठरविले हे सांगत नाही. पहिल्या कवितेला तीन अंगठे मिळाले तर कविता वाईट होती, की ती कोणाला दिसलीच नाही, हे नवकवीला कळण्याचा मार्ग नाही. मग तो कविता सोडून, ज्याला तीनशे अंगठे मिळतात ते करू लागतो. मंचाने लावलेल्या या वळणाला 'लोकांची आवड' म्हणणे हा लोकांवरही अन्याय आहे.

येथे महाविद्यालयीन अध्यापकाची जागा निर्माण होते. अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत उपयोजित मराठीच्या घटकात समाजमाध्यमांसाठीचे लेखन आता आले आहे. तो घटक शिकविताना व्याख्या, वैशिष्ट्ये, फायदे-तोटे अशी चौकट आखली जाते व तेवढ्यावर प्रश्नपत्रिकाही निघते. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत याच अध्यापकांना वर्गाचे समूह करण्यास विद्यार्थ्यांनी शिकविले, ही गोष्ट विसरली जाऊ नये. त्या काही महिन्यांत नवागत कोण आणि जाणता कोण हे उलटे झाले होते. विद्यार्थ्याने आपली एखादी खरी नोंद वर्गात आणावी, ती आजोबा, प्राचार्य आणि अनोळखी माणूस अशा तिघांनी वाचली तर काय होईल हे सांगावे, आणि मग ती पुन्हा लिहावी. एवढ्या साध्या पाठाला कोणत्याही संगणककक्षाची गरज नाही. तिघांपैकी एकासाठी ती बोलीत लिहिली गेली तर ती तशीच राहू द्यावी.

नोंदींचे आयुष्य :

या लेखनाच्या अभ्यासकापुढे आणखी एक अडचण आहे. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. तेथील सार्वजनिक समुदायांचा संग्रह त्यानंतर काही काळ पाहता येत होता. पुढे तोही काढून घेण्यात आला. मराठी तरुणांनी एकमेकांच्या पानांवर रोमन लिपीत लिहिलेले पहिले संवाद, त्यांतील बोली, त्यांतील थट्टा, त्यांच्यासोबत गेली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली आणि ज्यांनी शेतात, गोठ्यात, एसटीच्या थांब्यावर उभे राहून आपले पहिले पंधरा सेकंद जगाला दाखविले होते, त्यांची ती निर्मिती भारतात दिसेनाशी झाली. 'अस्मितादर्श'चे जुने अंक मराठवाड्यातील ग्रंथालयांत धूळ खात का होईना सापडतात. २००८ साली औशाच्या मुलाने उदगीरच्या मित्राला 'काय करलालास' हे कसे लिहिले होते, हे पाहावयाचे झाल्यास ते ज्यांच्या जुन्या फोनमध्ये योगायोगाने उरले असेल त्यांच्याकडेच जावे लागेल.